शेवटी सगळं पूर्ववत होतं, म्हणून सोडून द्यायचं?

आज दुपारी डबा खात होते. समोर ऑफिसातला एक नवा मुलगा पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून व्हिडिओ बघत होता. कुठल्या मालिकेचे कुठले भाग बघायची गरज नाही हे सांगणारा व्हिडिओ. हल्ली असले व्हिडिओ निघतात, लोक ते बघतात आणि मग न बघितलेल्या मालिकांवर मतं देत फिरतात. मी गप्प बसणार होते. पण मध्येच 'बफी' असं ऐकू आलं आणि कान टवकारले. तर तो आवाज काय म्हणतो, तिसऱ्या सीझनचा नववा भाग सोडून द्या. सगळा दुसऱ्याच दुनियेत घडतो, शेवटी सगळं पूर्ववत होतं, कोणाला काही आठवतसुद्धा नाही. पुढच्या गोष्टीशी संबंध नाही.

संबंध नाही??

त्या मुलाला काही बोलले नाही, तो बिचारा पोळीभाजी खात होता. इथे बोलते.

आधी साधी माहितीची गोष्ट. अन्या नावाचं पात्र याच भागात पहिल्यांदा येतं आणि २००३ साली मालिका संपेपर्यंत राहतं. एमा कॉलफील्डने ते काम असं केलं की एका भागापुरती आलेली बाई थेट सातव्या सीझनच्या शेवटच्या भागापर्यंत पोचली. संबंध नाही म्हणे! निदान व्हिडिओ करण्याआधी मालिका तरी बघा रे.

ज्यांनी 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेली नाही हे मला माहितेय, त्यावर नंतर भांडू). १९९७ ते २००३, सात सीझन, १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या शाळेच्या बरोबर खाली नरकाचं तोंड. बफी ही शाळकरी मुलगी व्हॅम्पायर मारण्यासाठी निवडली गेलेली. शाळेचा ग्रंथपाल जाइल्स हा तिचा गुरू, विलो आणि झँडर हे मित्र. आणि कॉर्डेलिया: श्रीमंत, तोरा मिरवणारी, जिभेला हाड नसलेली, आणि कशी कोण जाणे झँडरच्या प्रेमात पडलेली. आधीच्या भागात झँडर आणि विलो एकमेकांचं चुंबन घेताना तिला दिसतात. ती उलट्या पावली पळते, जिना कोसळतो आणि सळई पोटात घुसते. जगते. पण शाळेत परत येते तेव्हा तिच्याच जुन्या मैत्रिणी तिला हसतात. इथून हा नववा भाग, 'द विश', सुरू होतो. ८ डिसेंबर १९९८ ला दाखवलेला, मार्टी नॉक्सनने लिहिलेला, डेव्हिड ग्रीनवॉल्टने दिग्दर्शित केलेला.

हा भाग मी आत्याबरोबर पाहिलाय. माझ्या पोस्ट वाचणाऱ्यांना आत्या माहीत आहे. एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून जन्म काढलेली, पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याला चोर म्हणणारी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली होती. नेमकी केबल बंद, तिची संध्याकाळची मालिका बुडत होती आणि सगळा राग माझ्यावर निघत होता. म्हणून मी हार्ड डिस्क टीव्हीला लावली. ती ताटात लसूण घेऊन सोलायला बसली. इंग्रजी तिला वाचायला उत्तम येतं, अमेरिकन उच्चार कानाला लागत नाहीत, म्हणून खाली अक्षरं चालू ठेवली. जाइल्स दिसल्यावर पहिला शेरा आला, "हा कसला ग्रंथपाल? एकदा तरी शिक्का मारताना दिसलाय का?"

तर कॉर्डेलियाला शाळेत नवी आलेली अन्या भेटते, गोड बोलते, स्वतःच्या गळ्यातलं लॉकेट तिच्या गळ्यात घालते आणि तिला बोलतं करते. कॉर्डेलियाच्या मते तिच्या सगळ्या दुर्दशेचं मूळ म्हणजे बफी. ती म्हणते, बफी या गावात आलीच नसती तर बरं झालं असतं. अन्याचा चेहरा पालटतो. ती अन्यांका असते, दुखावलेल्या बायकांच्या वतीने सूड घेणारी राक्षसीण. म्हणते, झालं. आणि दुनिया बदलते.

आत्याने सोललेली पाकळी ताटात टाकली. "तरी मी सांगत असते, घरात अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

मला हसू आलं होतं तेव्हा. पण हा भाग याहून कमी शब्दांत कोणी सांगून दाखवा.

आता ती दुसरी दुनिया कशी आहे ते ऐका. कॉर्डेलिया आधी खूश. शाळेत पुन्हा तिचा मान, मैत्रिणी मागेपुढे. मग एकेक गोष्ट खटकायला लागते. सगळ्यांचे कपडे मळकट, करडे. भडक रंगाने व्हॅम्पायर आकर्षित होतात म्हणून कोणी रंग घालतच नाही आणि हिच्या अंगावरच्या कपड्यांकडे लोक दचकून बघतात. (रंगाचं लॉजिक थोडं ओढूनताणून आहे, मान्य.) वर्गात निम्मी बाकं रिकामी. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी घरी जायचं. महिन्याच्या महिन्याला मेलेल्यांसाठी शोकसभा, जणू फीची शेवटची तारीख. लाटा नाहीत, भूकंप नाही, जळणारं आकाश नाही. फक्त हळूहळू माणसं कमी होत गेलेलं गाव आणि त्याची सगळ्यांना झालेली सवय. मला त्यातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं. ती सवय.

कारण सरळ आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी बफीने मास्टर नावाच्या म्हाताऱ्या व्हॅम्पायरला मारलेलं असतं. इथे ती आलीच नाही, म्हणून तो मेला नाही, जमिनीखालून वर आला आणि गाव त्याचं झालं. झँडर आणि विलो त्याचे लाडके व्हॅम्पायर. आणि मास्टर आता कारखाना काढतोय: माणसांना पट्ट्यावरून पुढे सरकवायचं आणि यंत्राने रक्त काढायचं. ते यंत्र गॅदरिंगच्या नाटकातलं वाटतं, तेही मान्य. पण कल्पना बघा ना. राक्षसाला शिकारीचा कंटाळा आलाय, त्याला उत्पादन वाढवायचंय.

आणि मग, अर्धा भागही होतो न होतो, तोच कॉर्डेलिया मरते. जाइल्स लायब्ररीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात अडकलेला, ओरडतोय, आणि त्याच्या डोळ्यांसमोर झँडर एका बाजूने आणि विलो दुसऱ्या बाजूने तिचं रक्त पितात. जिने ही दुनिया मागितली, ही दुनिया चुकीची आहे हे जिला एकटीला माहीत होतं, तीच गेली.

आत्याचा लसूण थांबला. "अगं, मेली ही? मग आता गोष्ट कोणाची?"

बघा, वाचनालयात जन्म गेलेली बाई नेमका प्रश्न विचारते. व्हिडिओवाल्याला हा प्रश्न पडला नाही. त्याला प्रश्न पडतो की याचा 'मेन टाइमलाइन'शी काय संबंध. मेन टाइमलाइन! गोष्ट म्हणजे काय रेल्वेचं वेळापत्रक आहे? स्टेशन गाळलं तर गाडी लवकर पोचेल? तुम्हाला पोचायचंय तरी कुठे इतक्या घाईने?

असो. शांत होते.

गोष्ट आता जाइल्सची. या दुनियेतला जाइल्स हा हरलेला माणूस आहे. बफी त्याला कधी भेटलेलीच नाही. हाताशी दोनचार पोरं घेऊन रात्री गावात फिरतो, जमेल त्याला वाचवतो. त्याच्याकडे काय आहे? एका मेलेल्या मुलीच्या गळ्यातलं लॉकेट आणि तिची बडबड. की बफी इथे असायला हवी होती, की आधी सगळं चांगलं होतं, निदान कपडे तरी बरे होते. एवढ्यावर तो पुस्तकं काढून बसतो. आत्या इथे पुढे सरकून बसली होती, कारण शेवटी हा ग्रंथपालाचं काम करत होता.

क्लीव्हलँडहून बफी येते. ओठावर व्रण, डोळ्यांत काही नाही. मित्र नाहीत, विनोद नाही, कोणावर विश्वास नाही. सारा मिशेल गेलरने हे इतकं कोरडं केलंय की अंगावर काटा येतो. ती जाइल्सला सांगते की दुनिया आहे तशी आहे, आपण लढतो, मरतो, इच्छा करून काही बदलत नाही. तो म्हणतो, याहून चांगली दुनिया आहे यावर मला विश्वास ठेवावाच लागेल. ती म्हणते, ठेव, मला याच दुनियेत राहायचंय.

आणि कारखान्यात शेवटची लढाई. आवाज मागे जातो, क्रिस्तोफ बेकचं संगीत पुढे येतं, सगळं संथ होतं. खऱ्या सनीडेलमध्ये बफीचं ज्याच्यावर प्रेम आहे तो व्हॅम्पायर एंजल, इथे नुसती तिची वाट बघत आयुष्य घालवलेला, तिच्या डोळ्यांसमोर राख होतो आणि ती त्या राखेतून थेट पुढे जाते, वळूनही बघत नाही. तिला तो कोण हे माहीतच नाही! झँडरला ती जाताजाता मारते, अनोळखी माणसासारखं. विलोला ऑझ मारतो. खऱ्या सनीडेलमध्ये ऑझचं विलोवर जिवापाड प्रेम आहे, इथे ती त्याच्यासाठी आणखी एक व्हॅम्पायर. मग मास्टर बफीची मान मोडतो. कोणी किंचाळत नाही. तीन सीझन ज्यांच्यावर आपण जीव लावला ती माणसं एकमेकांना न ओळखता एकमेकांच्या हातून मरतात. तुमच्या त्या 'खऱ्या' टाइमलाइनमध्ये मैत्री ही काय चीज आहे हे या तीनचार मिनिटांशिवाय कळलंच नसतं.

तिकडे अन्यांकाने जाइल्सचा गळा धरलाय. तिच्या शक्तीचं मूळ त्या लॉकेटमध्ये, ते टेबलावर. तो ते फोडणार तेवढ्यात ती विचारते, ती दुसरी दुनिया याहून चांगली आहे हे तुला काय माहीत? आणि तो म्हणतो, असायलाच हवी. आणि फोडतो.

इथे मी आत्याला उत्साहाने सांगायला गेले की बघ, आता सगळं नीट होणार. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हा?"

"हा म्हणजे?"

"हा ग्रंथपाल. याचं काय झालं?"

म्हटलं, तो पण गेला. ती दुनियाच गेली ना.

"मग तू बरोबर केलंस हे त्याला सांगणार कोण?"

म्हटलं, कोणीच नाही.

"शहाणा माणूस," म्हणाली आणि पुन्हा लसूण घेतला.

मला या बाईचा कधीकधी हेवा वाटतो. भागाचं सगळं मर्म तिने ताट मांडीवरून न हलवता पकडलं. अहो, पूर्ववत होतं म्हणून तर! कोणाला आठवत नाही म्हणून तर! खऱ्या सनीडेलमधल्या जाइल्सला कधी कळणारही नाही की दुसऱ्या कुठल्यातरी जाइल्सने त्याच्यासाठी, या आनंदी, भांडकुदळ, रंगीत पोरांसाठी, पुराव्याचा कपटा हातात नसताना स्वतःला पुसून टाकलं. शेवटी बफी, विलो, झँडर बाहेर बसून हसत खिदळत आहेत आणि इकडे कॉर्डेलिया एकामागून एक इच्छा बोलतेय, बफी जन्मालाच आली नसती तर, वगैरे. अन्याची शक्ती गेलीय, काही होत नाही. कॉर्डेलिया काहीही शिकलेली नाही. तिला शिकायला काही आठवतच नाही. आपल्याला आठवतं. ही जबाबदारी बघणाऱ्यावर टाकलीय, आणि हे लोक म्हणतात बघू नका.

हो, माहितेय, आता कोणीतरी मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन याचा विषय काढणार. कॉर्डेलियाचं काम करणाऱ्या करिस्मा कार्पेंटरने २०२१ साली त्याच्या वाईट वागणुकीबद्दल जे जाहीर लिहिलं ते मी वाचलंय आणि मला त्याची बाजू घ्यायची नाही. हा भाग नॉक्सनने लिहिलाय, आणि करिस्माचं काम बघायचं सोडून दिलं तर त्याने तिचं काय भलं होणार ते मला कळत नाही. बस. यावर कमेंटमध्ये लढाई नको.

आणि हेही खरं की एकशे चव्वेचाळीस भाग बघायला वेळ कोणाकडे आहे. नोकरी, लोकल, पोरं, म्हातारी माणसं. त्या मुलाचंही वय असं की रोज चार नव्या मालिका डोक्यावर आदळतात. समजतं मला. पण मग कमी मालिका बघा ना, अर्ध्यामुर्ध्या वीस कशाला?

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी थेट 'द विश' लावू नका, झेपणार नाही. मुळात माणसं माहीत नसतील तर त्यांना अनोळखी होताना बघून काय वाटणार? पहिला सीझन बाराच भागांचा आहे. राक्षसांचा मेकअप हसवणारा आहे, एकदोन भाग रडतखडत जातात, तरी बघा, मास्टर तिथेच भेटतो. मग दुसरा. मग तिसऱ्याचा आठवा भाग 'लव्हर्स वॉक' आणि लगेच हा. आणि त्यानंतर सोळावा, 'डॉपलगँगलँड', ज्यात त्या पुसल्या गेलेल्या दुनियेतली व्हॅम्पायर विलो आपल्या सनीडेलमध्ये येऊन टपकते. म्हणजे संबंध नाही तो असा. तिला शेवटी दयेपोटी तिच्या दुनियेत परत पाठवतात आणि ती पोचल्याक्षणी मरते. आत्या त्यावर इतकी चिडली होती की जेवायला वेगळी बसली.

हार्ड डिस्क माझ्याकडे अजून आहे. हवी असेल त्याने इनबॉक्समध्ये यावं, पण वाचनालयाच्या नियमाने मिळेल. अनामत रक्कम आधी, परतीची तारीख लिहून, आणि उशीर झाला तर दंड आत्या वसूल करेल.