‘दादा, तुमचं कधी संपतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपला धर्म मनापासून पाळत असताना दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर कसा राखावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तिरकस बोलणं बाजूला काढलं तर तिच्यात तीन सरळ प्रश्न आहेत, आणि एका ठिकाणी तर तुम्ही मला चांगलंच पकडलंय. चार ओळींत भागणार नाही, म्हणून हे लांबण.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जो आपला धर्म खरा मानतो तो दुसऱ्याचा खोटाच मानणार. मग ‘आदर’ हा एक तर दांभिकपणा, नाही तर आपल्या श्रद्धेत पाणी. शिवाय हा आदर नेहमी एकाच बाजूनं का? आणि उद्या श्रद्धेच्या नावाखाली कुणी पोरीची शाळा बंद केली तर तिथेही मी हात जोडून उभा राहणार का?

आधी माझी चूक. लेखात मी लिहिलं होतं, ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.’ हे वाक्य तुम्ही उचललंत आणि ‘मग एकच धर्म का पाळता?’ असं विचारलंत. बरोबर विचारलंत. ते वाक्य आळशीपणाचं आहे. बौद्ध आणि जैन विचारात सृष्टी घडवणारा ईश्वरच नाही. यहुदी आणि मुसलमान यांच्या श्रद्धेचा पायाच तो. येशू देवाचा पुत्र की पैगंबर, या प्रश्नावर ख्रिश्चनही ‘चालतंय की’ म्हणणार नाही आणि मुसलमानही नाही. ‘सगळं एकच’ म्हणताना मी या सगळ्यांना एका दमात सांगत होतो की तुम्हाला जे जिवापाड महत्त्वाचं वाटतं ते तसं फारसं महत्त्वाचं नाही. हा आदर नव्हे, हे वरून हात फिरवणं झालं. (‘एकं सत् विप्रा बहुधा वदन्ति’, म्हणजे सत्य एकच, जाणते ते अनेक परींनी सांगतात, ही ऋग्वेदातली ओळ सभेत फेकायला फार सोपी पडते. पण ‘बहुधा’, म्हणजे ‘अनेक परींनी’, या शब्दाशी कुणी फारसं थांबत नाही.)

म्हणजे धर्म वेगळे आहेत, आणि आपला खरा वाटतो म्हणूनच माणूस तो पाळतो, इथवर तुम्ही आणि मी एकाच बाकावर बसलोय. पुढे मात्र वाट फुटते. तुम्ही म्हणता, मत चुकीचं वाटलं की आदर संपला. माझ्या मते आदराचा प्रश्न तिथे सुरू होतो. जे पटतंच त्याचा आदर करायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. लेखात तो घातला नव्हता, कारण त्यात मी काही फार बरा दिसत नाही.

आई दवाखान्यात होती, चार खाटांच्या खोलीत. पहाटे पाचला मी फोनवर स्तोत्र लावून तिच्या उशाशी ठेवायचो. आवाज बेताचाच होता. म्हणजे मला वाटायचा. आपला आवाज आपल्याला बेताचाच वाटतो. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, दुसऱ्या धर्माच्या. कोणत्या ते मुद्दाम लिहीत नाही. ते कळलं की वाचणारा पुढचं वाचायचं सोडून आपापला जुना हिशेब काढून बसतो. त्यांची सून रात्री खाली चटई टाकून झोपायची. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या पहाटे स्तोत्र चालू असताना पडद्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, तुमचं कधी संपतं? म्हणजे आमचं त्यानंतर करू.”

पडद्याच्या फटीतून पाहिलं. आजी डोक्यावर पदर घेऊन उठून बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. दोन दिवस त्या तशाच बसून माझं संपायची वाट बघत होत्या. नर्सकडे तक्रार नाही, कपाळाला आठी नाही. वेळ विचारली, एवढंच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी इअरफोन आणला, एक टोक आईच्या कानात, एक माझ्या. दुसऱ्या पहाटे आजींनीच विचारलं, “आज लावलं नाही का?” मी कानाकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “असतं काय त्यात? सांगा की अर्थ.” मी सांगायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीत अडकलो. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र! घरी आल्यावर सार्थ प्रत शोधून काढली आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा अर्थासकट वाचलं.

दुसऱ्याचा आदर केला की आपली श्रद्धा पातळ होते, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे सांगितलं. माझी तरी झाली नाही. उलट त्या आजींमुळेच मी माझ्या देवाशी काय बोलतो ते मला कळलं. त्यांनी माझं स्तोत्र स्वीकारलं नाही, मी त्यांची प्रार्थना म्हटली नाही. दोघांच्या मतात तसूभर फरक पडला नाही. बदललं ते वेळापत्रक आणि आवाज.

‘श्रद्धा पक्की असेल तर आदर जमणारच नाही’ हे तुमचं विधान खोडणारं मोठं उदाहरणही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चनं इतर धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा संमत केला. बाजूनं २,२२१ मतं, विरोधात ८८. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलंय. आणि त्याच परिच्छेदात, ख्रिस्त हाच मार्ग आणि सत्य असल्याची घोषणा चर्च करत राहील, असंही. दावा जिथल्या तिथे आहे, कुणी तो मऊ केलेला नाही.

याहून जुना माणूस हवा असेल तर अशोक घ्या, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. तो बौद्ध उपासक होता आणि ते लपवत नव्हता. त्याचा बारावा शिलालेख याच विषयावर आहे. आपल्या पंथाची वाखाणणी आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा अवेळी करू नये. वेळ आलीच तर बेतानं करावी. आपल्या पंथावरच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याला नावं ठेवतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. गिरनारच्या शिलालेखात या सगळ्याचं मूळ ‘वचिगुती’ म्हणून सांगितलंय. वचिगुती म्हणजे वाणीवर ताबा. एकमेकांचा धर्म ऐकून घ्या, असंही तो पुढे म्हणतो. ‘बेतानं’ हा शब्द मला फार आवडतो. टीका करूच नका, असं तो म्हणत नाही.

मीही म्हणत नाही. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद सोळाव्या शतकातला. त्यातले दोघं एकमेकांची उणीदुणी काढण्यात काही बाकी ठेवत नाहीत आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. वाद घालायचा तर असा, समोरासमोर. पाठीमागे टिंगल आणि तोंडावर गोड बोलणं, हा खरा दांभिकपणा.

आता तुमचा टोमणा : परक्या प्रार्थनेच्या वेळी मी गप्प उभा राहतो, म्हणजे त्यांचा देव मानतो. नाही मानत. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ सालचा एक निकाल आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथातली केरळची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी अदबीनं उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालात म्हटलं की मुलं अदबीनं उभी होती, न गाण्यानं अनादर झालेला नाही. मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. उभं राहणं वेगळं आणि गाणं वेगळं. त्या मुलांना जे शाळकरी वयात जमलं ते आपल्याला का जमू नये? आणि उलटही : कुणी माझ्या पूजेला येऊन नुसता बसला, हात जोडले नाहीत, तर माझं काही बिघडत नाही. तो आला हेच पुष्कळ.

दुसरा प्रश्न, एकतर्फीपणाचा. यात तुमची चीड खरी आहे. असे लोक सगळ्या धर्मांत आहेत. दुसऱ्याकडून मान हवा, द्यायची वेळ आली की हात आखडता. पण ‘तो करेल तेव्हा मी करीन’ असं दोघंही म्हणत बसले तर ती पहाट उजाडायचीच नाही. पहिल्या दोन दिवशी माझ्याकडून त्या आजींना काय मिळालं होतं? काहीही नाही.

आणि दरवेळी प्रेमच उतू जायला हवं, असंही नाही. जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीवरचं चर्च आहे. तिथे सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत, आणि कोणता कोपरा कुणाचा यावरून त्यांच्यात एवढी तणातणी की २००८ साली आर्मेनियन आणि ग्रीक भिक्षू तिथेच हातघाईवर आले. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी निदान अठराव्या शतकापासून आहे, कारण ती हलवायचा हक्क कुणाचा यावर एकमत नाही. आणि या चर्चच्या दाराची किल्ली शतकानुशतकं दोन मुस्लिम घराण्यांच्या हाती आहे. एक किल्ली सांभाळतं, दुसरं दार उघडतं. ही काही भाईचाऱ्याची गोड गोष्ट नव्हे. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून तिऱ्हाइताकडे किल्ली! पण दार रोज उघडतं आणि आत प्रार्थना होते. मला हे उदाहरण गळाभेटीच्या फोटोंपेक्षा जास्त धीर देतं.

तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे, तुम्हाला तो सर्वांत अवघड वाटला असला तरी. पोरीची शाळा बंद केली तर मी हात जोडून उभा राहणार नाही, भांडीन. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं अठरावं कलम हा फरक नेमका करतं. मनात काय मानावं याला मर्यादा नाही. ते आचरणात आणताना मात्र कायद्यानं मर्यादा घालता येते. सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, दुसऱ्यांचे मूलभूत हक्क अशा कारणांसाठी. तोच अशोक, तीच गिरनारची शिळा : बाराव्या लेखात इतर पंथांचा मान राखा म्हणणारा राजा पहिल्या लेखात सांगतो की इथे जीव मारून बळी द्यायचा नाही. बळी देणाऱ्यांना ते रुचलं नसणार. त्यानं दोन्ही लेख कोरून ठेवले.

फक्त एक पथ्य मी स्वतःला घालून घेतलंय. दुसऱ्याच्या धर्मातली अशी गोष्ट बोलायला जीभ वळवळली की आधी बघतो, आपल्याकडे तसलं काही आहे का. बहुतेक वेळा सापडतं. मग सुरुवात तिथून करतो. निम्मे वाद तिथेच वाचतात, कारण घरचेच लोक माझ्याशी भांडायला लागतात.

तर ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य आज लेखातून काढलंय. बाकीचा लेख तसाच ठेवतो. तुमची प्रतिक्रियाही खाली जशीच्या तशी राहील. फक्त चौथ्या ओळीत एका समाजासाठी तुम्ही जो शब्द वापरलाय तेवढा गाळलाय. त्याच्याशिवाय तुमचा मुद्दा वाचून पाहिला, काही कमी पडत नाही.