व्हीएआरच्या खोलीत बसलंय कोण?

पिंट्याला त्याच्या लाडक्या इंग्लिश फुटबॉल क्लबचं, लिव्हरपूलचं, दुःख उगाळायला निमित्त लागत नाही. परवा दिन्या एवढंच म्हणाला, "व्हीएआर आल्यापासून रेफ्रीच्या चुका कमी झाल्या का नाही, सांग." (व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफ्री, खोलीत बसून टीव्हीवर मैदानातले निर्णय तपासणारा पंच.) झालं. पिंट्यानं हातातला वडापाव खाली ठेवला.

"३० सप्टेंबर २०२३. टॉटनहॅमच्या मैदानावर, ३४वं मिनिट. आपल्या लुईस डियाझनं गोल मारला. लाइनमननं झेंडा वर केला, ऑफसाइड, म्हणजे पास निघताना गडी शेवटच्या डिफेंडरच्या पुढं. खोलीतल्या माणसानं पडद्यावर रेषा ओढून बघितलं. डियाझ ऑनसाइड. मग पुढं काय झालं, मर्दा?"

"चेक कम्प्लीट म्हणून कळवलं."

"का कळवलं? त्या बाबाला वाटलं, मैदानावर गोल दिलाय! आपल्याला फक्त 'बरोबर आहे' म्हणायचंय. आणि मैदानावरच्या रेफ्रीनं ऐकलं, ऑफसाइड बरोबर आहे. टॉटनहॅमनं फ्री किक घेतली, खेळ सुरू. रिप्ले चालवणाऱ्याच्या ध्यानात आलं की काहीतरी घोळ झालाय, पण नियम असा, की एकदा खेळ सुरू झाला की त्या निर्णयावर परत यायचं नाही. २-१ नं हरलो. तेही ९६व्या मिनिटाला आपल्याच माणसानं आपल्याच पोस्टात घालून!"

"तू कधीपासनं खेळायला लागलास लिव्हरपूलकडनं?" दिन्यानं विचारलं. तो मँचेस्टर सिटीवाला आहे, त्याला असं बोलणं परवडतं.

त्या खोलीतलं बोलणं नंतर जाहीर केलं गेलं, ते मी ऐकलंय. सगळं मिळून मिनिटभराचा मामला असेल. कॅमेरा ठीक, फ्रेम ठीक, रेषा ठीक. मोठी तांत्रिक चूक शोधायला गेलात तर सापडत नाही. एका माणसानं दुसऱ्याला 'मैदानावर काय दिलंय?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर गोल झाला असता. मला तो सामना त्यामुळेच आठवतो. लिव्हरपूलचं माझ्याकडे काही येणं नाही.

दिन्यानं हेच पकडलं. "म्हंजे माणूस चुकला. यंत्र कुठं चुकलं? २०१० चा वर्ल्ड कप बघ. जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल बारला लागून आत पडला, चांगला हातभर आत. साऱ्या जगाला दिसलं, रेफ्रीला न्हाई. त्याच्या आदल्या वर्षी आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या ऑन्रीनं हातानं बॉल अडवला, गालासनं गोल केला, आयर्लंडचा वर्ल्ड कप गेला. आणि १९८६ चं मॅराडोनाच्या हातानं मारलेल्या गोलाचं तर शेंबड्या पोरालाबी ठावं आहे. हे असलं आता होतंय का? न्हाई होत."

खरं आहे. पण मीही तयारीत होतो. "जून २०२०. अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड. व्हिलाचा गोलकीपर बॉल छातीशी धरून आपल्याच पोस्टात मागं गेला. रेफ्रीच्या मनगटावर घड्याळ असतं, बॉल रेषेपलीकडं गेला की ते थरथरतं. ते थरथरलंच नाही. सातच्या सात कॅमेऱ्यांना खेळाडू नाहीतर पोस्ट आडवा आला होता. आणि खोलीत बसलेल्यांनीही तोंड उघडलं नाही, कारण यंत्र चुकत नसतं ना! सामना ०-०. सीझन संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांवर वाचली आणि बोर्नमथ ३४ वर खालच्या लीगमध्ये गेली."

"हजारात एकदा होतंय ते."

"बोर्नमथला जाऊन सांग की."

इतका वेळ अण्णा गप्प होते. अण्णांनी शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं पंचगिरी केलीय. पेठापेठांचे सामने, दोन्ही गॅलऱ्या भरलेल्या, आणि मधे हा काळ्या कपड्यातला माणूस. कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल ज्यानं बघितलाय त्याला ही नोकरी काय असते ते सांगायला नको. त्यांच्या भुवईवर टाक्याची खूण आहे. ती कशी आली हे ते दर वेळी वेगळं सांगतात.

"ऑफसाइडचं एक सांगतो," अण्णा म्हणाले. "लाइनमनला दोन गोष्टी एकाच टायमाला बघाय लागतात. पास देणाऱ्याचा पाय बॉलला कवा लागला, हे एक. आणि त्या क्षणाला पुढचा गडी आणि शेवटचा डिफेंडर कुठं होते, हे दुसरं. दोन्ही जागा एकमेकींपासनं ३०-४० यार्ड लांब. आमी काय करायचो? पास देणाऱ्याकडं बघायचोच न्हाई. नजर रेषेवर आणि कान बॉलच्या आवाजाकडं. धप्प झालं की समोरचं चित्र डोक्यात पक्कं करायचं. गॅलरी ओरडत असली की संपलं, आवाजच येत न्हाई."

"म्हणून तर यंत्र पायजे!" दिन्या उसळला.

"ऑफसाइडला पायजेच. मी कुठं नको म्हणतोय?"

आता दिन्याची गोची झाली, कारण ऑफसाइडच्या यंत्राबद्दल सगळ्यात मोठी शंका त्यालाच आहे. तो शिरोलीच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर जॉब मोजायचे, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स बघायचा, ओके नाहीतर रिजेक्ट. वडापावच्या कागदावर त्यानं हिशोब मांडला. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो. पळणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर जातो. म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो १६ सेंटीमीटर सरकलेला असतो. बॉल पायाला लागला तो क्षण या दोन फ्रेमच्या मधे कुठेतरी. "आणि हे लोक काखेएवढ्या फरकानं गोल काढून घेत होते. आमच्याकडं फूटपट्टीनं मोजून मायक्रॉनमधे रिपोर्ट लिहिला तर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील."

क्रिकेटवाल्यांनी हे ओळखलं आणि 'अंपायर्स कॉल' ठेवला. मोजमाप जिथं ठाम सांगू शकत नाही तिथं मैदानावरच्या माणसाचा शब्द. फुटबॉलवाले बराच काळ आपण देवाच्या फूटपट्टीनं मोजतोय अशा थाटात वावरले. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला मात्र चित्र बदललं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू, आणि बॉलच्या आत सेकंदाला ५०० वेळा खबर देणारा सेन्सर. लाथ कधी बसली ते आता अंदाजानं ठरवावं लागत नाही. त्याच वर्ल्ड कपला स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमानं गोलरेषेबाहेर गेल्यासारखा दिसणारा बॉल आत ओढला, त्यावर गोल झाला, जपान जिंकलं आणि त्यांच्याच गटातली जर्मनी घरी गेली. बॉलचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर होता म्हणे. दिन्याचा चेहरा तो आकडा सांगताना असा फुलतो, जणू तो जॉब त्यानंच पास केलाय.

इथवर भांडण एका रेषेत चाललं होतं. अण्णांनी ते फिरवलं.

"रेषा मोजता येती. मन कसं मोजणार? २०१८ ची फायनल आठवा. फ्रान्स-क्रोएशिया. क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला बॉल लागला. रेफ्री होता पिताना नावाचा. आधी पेनल्टी दिली न्हवती. कानात आवाज आला, गडी टीव्हीकडं गेला. बघितलं. मैदानाकडं निघाला. परत वळला. परत बघितलं. मग पेनल्टी. आता मला सांगा, दुसऱ्यांदा त्याला काय नवीन दिसलं? बॉल हाताला लागला हे पहिल्यांदाच दिसलंय की. त्यानं हात मुद्दाम घातला का, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्या कॅमेऱ्यात असतंय?"

"पन शांतपणी बघाय तरी मिळालं," दिन्या.

"हळू गतीत बघितलं का न्हाई, की समदंच मुद्दाम वाटतंय. मी पंच म्हणून सांगतो. सावकाश दाखवलं की वाटतं, गड्याला पाय मागं घ्यायला किती वेळ होता! खरं बघाय गेलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत झालेलं असतंय."

पिंट्याला परत अवसान आलं. त्याच टॉटनहॅमच्या सामन्यात लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सला आधी पिवळं कार्ड दिलं होतं. रेफ्रीला टीव्हीपाशी बोलावलं, आणि त्याच्यासमोर सगळ्यात आधी काय होतं, तर थांबवलेलं चित्र. पाय घोट्याच्या वर टेकलेला. मागचंपुढचं काही नाही. पिवळ्याचं लाल झालं. इथे मात्र पिंट्याचं दुःख मला खरं वाटतं. टॅकल धोकादायक होता की नाही यावर दोन मतं असू देत, पण स्थिरचित्र दाखवून निकाल मागायचा म्हणजे उत्तर आधीच हातात ठेवल्यासारखं आहे. मला विचाराल तर रेषेचे सगळे निर्णय खोलीतल्या माणसांना वगळून थेट यंत्राला द्यावेत. आणि हँडबॉल, फाउल, कार्ड यांसाठी रेफ्रीनं बघायचंच असेल तर खऱ्या वेगात, दोनदा, बास. मला कोण विचारतंय म्हणा.

मृणाल, अण्णांची पुतणी, प्रॅक्टिस संपवून सायकल हातात धरून कधीची उभी होती. पायात अजून शिनगार्ड. "तुम्ही सगळे टीव्हीवर बघणारे," ती म्हणाली. "स्टेडियममध्ये बसलेल्याचा विचार करा की. गोल झाला, तो नाचला, शेजारच्याला मिठी मारली. मग चार मिनिटं सगळे नुसते उभे. काय तपासताहेत ते त्याला सांगत पण नाहीत."

बाई गं, हे खरं. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपपासून रेफ्री निदान माइकवरून निकाल सांगायला लागले, पण सामना चालू असताना खोलीतलं बोलणं अजून बंद दाराआडच. क्रिकेटमध्ये तिसरा अंपायर काय बघतोय, काय म्हणतोय, हे आपल्या आजीलाही ऐकू येतं. स्वीडनमध्ये तर क्लबच मुळी सभासदांच्या मालकीचे, आणि सभासदांनी सांगितलं, आम्हाला नको. तिथल्या लीगनं व्हीएआर घेतलाच नाही. नॉर्वेत घेतला होता, तर २०२४ मध्ये रोझेनबोर्गच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर माशाचे वडे फेकले आणि सामना बंद पाडला.

"वडे?" पिंट्यानं आपला वडापाव जवळ ओढला.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी वुल्व्ह्ज या क्लबनं व्हीएआर काढून टाकायचा ठराव आणला. १९ विरुद्ध १ नं पडला. ते एक मत कुणाचं हे सांगायला नको. गंमत म्हणजे पिंट्याच्या लिव्हरपूलनंही व्हीएआर ठेवायच्याच बाजूनं हात वर केला.

"आपल्याकडं असता तर छेत्रीचं ते लफडं झालं नसतं," दिन्यानं शेवटचा डाव टाकला. मार्च २०२३, बेंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स, ९६वं मिनिट. बचाव करणाऱ्यांची भिंत लागायच्या आत छेत्रीनं फ्री किक मारली, गोल दिला, ब्लास्टर्सचा कोच पोरांना घेऊन मैदानाबाहेर गेला. पुढं क्लबला ४ कोटींचा दंड.

"झालंच असतं," मृणाल म्हणाली. "तेव्हा व्हीएआर चारच गोष्टींत बोलायचा. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि कार्ड भलत्याला दिलं तर. फ्री किक लवकर घ्यायची परवानगी रेफ्रीनं दिली होती का, हे त्यात येत नाही. कॅमेरे शंभर लावा." मग तिनं नवीनच काढलं. २०२४ च्या मुलींच्या २० आणि १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला वेगळी पद्धत करून बघितली. खोली नाही, खोलीतला पंच नाही. कोचला सामन्यात दोन वेळा दाद मागता येते, बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. रेफ्री कडेला ठेवलेल्या टीव्हीवर स्वतः बघतो. कॅमेरे थोडे असले तरी चालतं. "आपले सामने मोबाइलवर लाइव्ह दाखवतातच की. आपल्याला जमण्यासारखं आहे."

दिन्या लगेच तयार. पिंट्याही. मलाही पटलं.

अण्णांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "जमंल की. फकस्त एक सांगा. तो टीव्ही कुठल्या गॅलरीखाली ठेवायचा?"

यावर जो गलका सुरू झाला तो मी निघालो तरी मिटला नव्हता.