‘दरवर्षी 8 टक्के काढा, मुद्दल शाबूत राहील’ : निवृत्तांना बुडवणारा हिशेब

मागच्या आठवड्यात मामांनी मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच विचारले : ‘उद्या ठेव मोडायला जाऊ का?’ मामांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आहेत. आयुष्यभराची पुंजी त्यांच्या हाताशी आहे आणि ती गमावली तर पुन्हा उभी करण्याचे वय आता राहिलेले नाही. ‘निवृत्तांसाठी सुवर्णनियम’ अशा मथळ्याचा तोच संदेश त्या दिवशी मला आणखी तिघांकडून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मंदी येत आहे, बँका बुडणार आहेत, म्हणून ठेवी मोडून सोने घ्या, कारण सोने कधीच पडत नाही, उरलेले पैसे शेअर बाजारात ठेवा, तिथे सरासरी 10 टक्के परतावा मिळतो, त्यामुळे दरवर्षी 8 टक्के काढले तरी मुद्दल शाबूत राहते, वयाबरोबर खर्च घटतो, तेव्हा महागाईची चिंता नको, आणि घर आताच मुलांच्या नावावर करून मोकळे व्हा. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव नाही, एकाही आकड्याला आधार नाही, आणि तरीही माणसे त्यावर विसंबून आयुष्यभराचे निर्णय घेत आहेत.

यातला सर्वांत घातक दावा 8 टक्क्यांचा आहे, कारण तो वरवर पाहता गणितासारखा दिसतो. सरासरी 10 टक्के मिळतात आणि 8 टक्के काढायचे, म्हणजे 2 टक्के उरलेच, असा हा युक्तिवाद आहे. परंतु बाजार दरवर्षी नेमाने 10 टक्के देत नाही. पुंजी 100 धरा आणि तीन वर्षांचे परतावे उणे 30, अधिक 10 आणि अधिक 50 टक्के धरा. त्यांची सरासरी बरोबर 10 टक्के येते. आता दर वर्षाच्या सुरुवातीला 8 काढा. पहिल्या वर्षाअखेर 64.4 उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे 62 आणि तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे 81. हेच परतावे उलट क्रमाने आले, म्हणजे आधी तेजी आणि शेवटी घसरण, तर 94.5 उरतात. सरासरी तीच, काढलेली रक्कम तीच, तरीही केवळ क्रम बदलल्यामुळे 13 पेक्षा जास्तीचा फरक पडला, आणि मुद्दल दोन्ही वेळा घटलेच. कमावता माणूस घसरणीच्या काळात थांबू शकतो, किंबहुना स्वस्तात खरेदी करू शकतो. निवृत्ताला मात्र घरखर्चासाठी त्याच पडत्या भावात विकावे लागते, आणि विकलेला भाग पुढच्या तेजीत परत येत नाही. शिवाय या हिशेबात मी महागाई धरलेलीच नाही. ती वर्षाला 6 टक्के असली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे आज 8 लागतात तिथे 16 लागतील.

किती काढणे झेपते, याचा पद्धतशीर शोध विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये घेतला. त्याने 1926 पासूनची आकडेवारी तपासली आणि प्रत्येक वर्षी निवृत्त होणाऱ्याची पुंजी किती वर्षे पुरली असती, हे पाहिले. पुंजीचा निम्मा ते पाऊण भाग शेअर्समध्ये आणि उरलेला रोख्यांमध्ये ठेवून पहिल्या वर्षी सुमारे 4 टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर सर्वांत वाईट वेळी निवृत्त झालेल्यालाही पैसे किमान 30 वर्षे पुरले. सर्वाधिक हाल झाले असते ते 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचे, कारण 1973-74 ची घसरण आणि त्या दशकाची महागाई दोन्ही त्यांच्या निवृत्तीच्या सुरुवातीच्याच वर्षांत आल्या. चांगल्या वर्षी निवृत्त झालेल्यांना 4 टक्क्यांहून बरेच जास्त काढता आले असते, हे खरे आहे. पण आपले वर्ष चांगले होते की वाईट, हे पुष्कळ वर्षांनी कळते. बेंगेनने पुढे आपला आकडा थोडा वर नेला, पण तो 5 टक्क्यांच्या आतच राहिला. ही आकडेवारी एकाच देशाची आहे आणि ती कोणतीही हमी देत नाही. तरीही 8 टक्के म्हणजे त्याच्या मूळ आकड्याची दुप्पट आहे आणि संदेश लिहिणाऱ्याला त्यात काहीच वावगे वाटलेले नाही.

सोन्याच्या बाबतीत अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. 1970 च्या दशकात महागाई भडकली तेव्हा सोन्याने शेअर्सपेक्षा कितीतरी चांगली साथ दिली, आणि पुंजीचा लहान हिस्सा सोन्यात असण्यात काही गैर नाही. परंतु ‘सोने कधीच पडत नाही’ हे विधान धादांत खोटे आहे. जानेवारी 1980 मध्ये सोन्याचा भाव औंसाला सुमारे 850 डॉलरवर पोहोचला, 1999 मध्ये तो 250 च्या आसपास घसरला आणि जुना उच्चांक ओलांडायला 2008 उजाडले. 60 व्या वर्षी त्या शिखरावर खरेदी केलेला माणूस तोवर 88 वर्षांचा झाला असता, आणि मधल्या काळातली महागाई वेगळीच. सोने व्याज देत नाही. दरमहा खर्च भागवायचा तर ते विकावेच लागते.

बँका बुडतात, हेही खरे. म्हणून सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवू नये आणि आपल्या देशात ठेवींना विम्याचे संरक्षण किती रकमेपर्यंत आहे, ते पाहून विभागणी करावी. सायप्रसमध्ये 2013 साली मोठ्या बँका कोसळल्या तेव्हा 1 लाख युरोवरच्या ठेवींना कात्री लागली, त्याखालच्या ठेवी शाबूत राहिल्या. यातून ठेवी विभागण्याचे कारण मिळते. मुदतीआधी त्या मोडून व्याज घालवण्याचे मिळत नाही.

वयाबरोबर प्रवास आणि कपड्यालत्त्याचा खर्च घटतो. औषधे, शुश्रूषा आणि मदतनिसांचा वाढतो. घर मुलांच्या नावावर करण्याबद्दल एवढेच, की अडचणीच्या वेळी विकता वा गहाण ठेवता येईल अशी ती बहुधा शेवटची मालमत्ता असते, आणि तिचा ताबा कुणा अनामिक संदेशाच्या सांगण्यावरून सोडू नये.

मामांना मी ठेव मोडू नका, असे कळवले. दोन-तीन वर्षांचा खर्च भागेल एवढी रक्कम ठेवींमध्येच राहू द्यावी, म्हणजे बाजार पडला तरी त्या वर्षी काहीही विकण्याची वेळ येणार नाही. आणि घसरणीच्या वर्षी काढायची रक्कम महागाईप्रमाणे वाढवू नये, एवढेच आम्ही ठरवले आहे. पुढच्या रविवारी त्यांच्या खर्चाची वही घेऊन आम्ही बसणार आहोत, कारण वर्षाला नेमके किती लागतात, हा आकडा अजून त्यांनाही ठाऊक नाही.