मापात पाप

आमच्या ढग्याचं वजन ६२ किलो. त्यातला कुत्रा किती आणि केस किती हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. ढग्या न्यूफाउंडलंड जातीचा आहे, काळाकुट्ट, अंधारात आडवा पसरला की पाय पडेपर्यंत कळत नाही, आणि पाय पडला तरी तो उठत नाही, आपणच पडतो. तर याला ट्रेकला न्यायचं असं घरात ठरलं (बायकोने ठरवलं, मी ऐकलं) आणि त्याचं सामान निवडायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण "तुला असलं शोधत बसायला आवडतंच ना."

आधी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजा म्हणे, झालं. मी टेप फिरवली, सैल धरली तर ११२ सेंटीमीटर, जरा आवळली तर १०१, अजून आवळली तर ९५ आणि तेवढ्यात ढग्याने मान वळवून माझ्याकडे असं काही बघितलं की मी टेपच सोडली. डबल कोटवाल्या कुत्र्यांचं हे असंच, वर लांब राठ केस, खाली कापूस कोंबल्यासारखा दाट मऊ थर, टेप त्यात बुडत जाते आणि कुठपर्यंत बुडू द्यायची ते कोणी सांगत नाही. साइज चार्टवर ज्या कुत्र्याचा फोटो असतो त्याच्या फासळ्या मोजता येतात.

मग म्हटलं ओला करून मोजू. पण ही जात पाण्यातच काम करायला तयार झालेली, वरच्या केसांवरून पाणी घसरून जातं, त्यामुळे पाणी त्याच्या कातडीपर्यंत पोचेस्तोवर मी, बायको आणि बाथरूमचं छत तिघंही चिंब झालो होतो. आणि आतून निघाला तो वेगळाच कुत्रा. निम्मा! "अगंबाई, हा एवढाच आहे?" बायको म्हणाली. ९१ सेंटीमीटर. इतकी वर्षं आम्ही ज्याला घाबरून सोफ्यावरची जागा सोडत होतो तो हा.

अर्थात हे ज्ञान मला दुसऱ्या हार्नेसच्या वेळी झालं. पहिला कोरड्या मापाचा घेतला होता, दहा मिनिटं चालल्यावर केस दबले आणि हार्नेस गोल फिरून पाठीवरचं हँडल पोटाखाली आलं. ते हँडल कुत्र्याला खडकावरून वर उचलून घ्यायला असतं म्हणे. ६२ किलो. एका हाताने. असो. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत हा नियमही आपल्याला लागू नाही, ढग्याच्या केसांत माझा हात मनगटापर्यंत जातो, आधी केस बाजूला करून बोटं कातडीला टेकवायची आणि मग मोजायचं. छातीवर वाय आकाराचा पट्टा असेल तर खांदे मोकळे हलतात, तोच घ्या. आणि वेल्क्रो असेल तर लांबूनच नमस्कार करा, काढताना जो आवाज येतो त्यातला अर्धा वेल्क्रोचा नसतो.

बूट. कागदावर पंजा ठेवून, अंगाचं वजन पडू देऊन पेन्सिल फिरवायची. बोटांमधल्या केसांमुळे माझ्या कागदावर एक सूर्यफूल आलं. त्यात न्यूफाउंडलंडच्या बोटांमध्ये पोहण्यासाठी पडदे असतात, पाऊल टेकलं की पंजा पसरतो, आणि पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे, म्हणजे एकाच मापाचे चार बूट घेतलेत तर मागचे दोन वाटेतच राहतात. आमचे राहिले. उरलेल्या दोनवर तो बगळ्यासारखा एकेक पाय उचलून चालला आणि समोरून येणारी माणसं थांबून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, आधी बोटांमधले केस कापा, घरात पाच-पाच मिनिटं सवय करा. हे आधी कोणी सांगेल तर शपथ.

कूलिंग जॅकेट मात्र मी घेतलं नाही, घेता घेता राहिलो. ते चालतं पाण्याच्या बाष्पीभवनावर, दमट हवेत ते होतच नाही फारसं, आणि एवढ्या केसांवर ओलं जॅकेट म्हणजे गारवा कातडीपर्यंत पोचायचाच नाही, ओली गोधडी तेवढी पांघरायची. "भादरून टाका ना सरळ," असाही एक सल्ला मिळाला. अजिबात नाही, तोच कोट त्याला उन्हापासूनही वाचवतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच गार होतो, आपण फक्त खालचा सुटलेला मऊ थर विंचरून काढायचा म्हणजे हवा आत जाते. त्या विंचरलेल्या केसांत अजून एक कुत्रा होईल, आणि त्यालाही हार्नेस लागेल.

पाठीवरची बॅग घेतली. वाढ पूर्ण झाल्याशिवाय ओझं द्यायचं नाही, सुरुवात रिकाम्या बॅगेने, मग वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, दोन्ही बाजू समतोल. नुसतं घरी लोळतानाही त्याला दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणून एकेका बाजूला दीड-दीड लिटर आणि वर आमचे कोरडे मोजे. पहिला ओढा दिसला तसा तो शांतपणे चालत जाऊन त्यात बसला. बॅगेसकट. मोज्यांसकट. लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांच्या १८०४ ते १८०६ च्या मोहिमेत सीमन नावाचा न्यूफाउंडलंड होता, अख्खी अमेरिका पालथी घालायला निघाला होता तो, त्याची छाती कोणी किती वेळा मोजली असेल कोण जाणे.

एकच गोष्ट हरवल्याचं वाईट वाटलं. काळा कुत्रा संध्याकाळी दिसावा म्हणून पट्ट्याला लावायचा छोटा लाइट घेतला होता, तो परतीच्या वाटेवर कुठेतरी पडला, अर्धा तास मागे जाऊन शोधला. रात्री घरी बारीक कंगवा घेऊन गोचिड्या शोधत बसलो, बायकोने नेमका दिवा बंद केला, आणि ढग्याच्या मानेत, पार खोल, काहीतरी हिरवं लुकलुकलं.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टेप आणू? किती आत आहे बघू."