उजेड आधी, सोफा नंतर

सध्या घर सजवायचं म्हटलं की दोन शब्द हमखास कानावर येतात, इंडस्ट्रियल, म्हणजे जुन्या कारखान्यांसारखी स्टाईल, आणि स्कँडिनेव्हियन, म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड अशा उत्तर युरोपातल्या देशांकडची. आणि आता तर दोन्ही एकत्र, म्हणजे एका भिंतीवर उघडी वीट, काळ्या लोखंडी फ्रेमचं शेल्फ, समोर पांढरी भिंत, फिकट लाकडाचं टेबल, कोपऱ्यात एखादं झाड, की झालं मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या सामानाचं घर. मला ह्या दोन्ही स्टाईल मनापासून आवडतात, बरीच वर्षं मी त्यांच्याबद्दल वाचतेय, कोणाच्या घरी गेले तरी आधी भिंतीला हात लावून बघते, आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय, कारण ज्या गोष्टीवर ही घरं उभी आहेत तिचा विचार सगळ्यात शेवटी होतो. ती गोष्ट म्हणजे उजेड. माझं ठाम मत आहे की ह्या दोन्ही स्टाईल मुळात उजेडाच्या आहेत, फर्निचर आणि रंग मागून आले.

आधी इंडस्ट्रियल घेऊ. ही स्टाईल कोणा डिझायनरने टेबलावर बसून काढलेली नाही. न्यूयॉर्कमधे मॅनहॅटनच्या सोहो भागात १९व्या शतकात कापडाची गोदामं आणि छोटेमोठे कारखाने होते आणि त्यातल्या कितीतरी इमारतींच्या दर्शनी बाजू बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या होत्या. बीड दाब फार चांगला पेलतं, त्यामुळे खांब बारीक ठेवता आले आणि दोन खांबांच्या मधे भल्यामोठ्या खिडक्या बसवता आल्या. घरोघरी वीज यायच्या आधीचा काळ, आत काम करणाऱ्या माणसाला नीट दिसायला हवं तर उजेड खिडकीतूनच यायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले कारखाने हळूहळू उठले, मजलेच्या मजले रिकामे पडले आणि चित्रकार, शिल्पकार तिथे राहायला लागले, तेही नियम मोडून, कारण तो भाग राहण्यासाठी नव्हताच. शहराने कलाकारांना तिथे राहायची रीतसर परवानगी दिली ती १९७१ मधे. आता ही माणसं तिथे का गेली असतील? उघड्या विटेसाठी तर नक्कीच नाही. मोठा कॅनव्हास उभा करता येईल एवढी जागा, परवडेल असं भाडं, आणि दिवसभर पुरेल एवढा उजेड, ह्या तीन गोष्टींसाठी गेली. वीट तिथे होतीच, ती झाकायला पैसे नव्हते आणि गरजही नव्हती.

ओपन प्लॅनचं, म्हणजे मधे भिंती नसलेल्या मोकळ्या घराचं पण तेच. ह्या इमारती अरुंद आणि खोल, साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल अशा प्लॉटवरच्या, खिडक्या असायच्या फक्त पुढे आणि मागे. मधे एक भिंत घातली की पलीकडची खोली अंधारात गेलीच म्हणून समजा. म्हणून भिंती नाहीत. डोनाल्ड जड ह्या शिल्पकाराने १९६८ मधे तिथलीच १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही पाच मजली इमारत विकत घेतली, १८७० ची, कोपऱ्यावरची, त्यामुळे दोन बाजूंनी खिडक्याच खिडक्या. त्याने काय केलं तर मजल्यांवर भिंती घालून खोल्या पाडल्याच नाहीत, एका मजल्यावर झोपायचं, एकावर काम, एकावर स्वयंपाक आणि जेवण. आज ती इमारत लोकांना आत जाऊन बघता येते. तिचे फोटो शोधून बघा, सामान किती कमी आहे हे तर दिसेलच, पण आधी नजर जाते ती जमिनीवर लांबपर्यंत पसरलेल्या उन्हाकडे.

आता हेच आपण नेहमीच्या फ्लॅटमधे आणतो तेव्हा काय होतं ते बघा. उजेडाचा एक ढोबळ हिशोब असतो, खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत उपयोगाचा उजेड पोचतो. लॉफ्टमधे, म्हणजे सोहोतल्या त्या जुन्या कारखान्यांच्या मजल्यांवर, ती कड ११-१२ फुटांवर, म्हणजे उजेड २२ ते ३० फूट आत. आपल्या खिडकीची कड सात फुटांवर, म्हणजे फार तर १४ ते १७ फूट, त्यात समोर दुसरी बिल्डिंग असेल तर अजून कमी. आणि अशा खोलीत आपण सीलिंग काळं करतो, एक भिंत कोळशासारख्या करड्या रंगाची करतो, कारण फोटोत तसं होतं! चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, गडद करडा जेमतेम १० टक्के. म्हणजे मुळात कमी असलेला उजेड आपण भिंतीला पाजून टाकतो आणि मग दिवसाढवळ्या लाईट लावून बसतो. इंडस्ट्रियल करू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण गडद रंग उंच सीलिंगला आणि मोठ्या खिडकीला शोभतो, किंवा मग खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीला द्या, कारण तिच्यावर तसाही थेट उजेड पडत नाही.

स्कँडिनेव्हियनची गोष्ट बरोबर उलटी, तिथे उजेडच दुर्मिळ. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला, डिसेंबरात दिवस सहा तासांचा आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सातेक अंशच वर. एवढं तिरपं ऊन खोलीत पार आतपर्यंत शिरतं पण ते असतं अगदी मऊ, फिकट, आणि थोडाच वेळ टिकतं. ते वाया जाऊ नये म्हणून फिकट भिंती, फिकट लाकूड, खिडकीला पातळ पडदा किंवा पडदाच नाही. हॅमरशॉय नावाचा डॅनिश चित्रकार होता, तो कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड ३० ह्या घरात राहायचा आणि त्याने त्याच घरातल्या खोल्या परत परत रंगवल्या, १९०० च्या आसपास. काही चित्रांत तर माणूसही नाही, एक दार, एक खिडकी, जमिनीवर पडलेला कवडसा, बस्स. मिनिमलिझम म्हणजे काय हे मला हजार इंटिरियर फोटोंपेक्षा त्या एका कवडशातून जास्त कळलं. खोली रिकामी ठेवायची ती उजेडाला पसरायला जागा मिळावी म्हणून.

आणि हो, स्कँडिनेव्हियन म्हणजे पांढरं आणि करडंच असलं पाहिजे हा समज एकदा मनातून काढून टाका. स्वीडनमधे सुंडबॉर्नला कार्ल आणि कारिन लार्सन ह्या चित्रकार जोडप्याचं घर आहे, ते लाल-हिरव्या रंगांनी भरलेलं. योसेफ फ्रँक हा ऑस्ट्रियाचा डिझायनर स्टॉकहोमला आला आणि पुढे कितीतरी वर्षं मोठ्या मोठ्या फुलापानांची कापडं डिझाईन करत राहिला. फिनलंडच्या मारिमेक्को ह्या कापडाच्या कंपनीचं ते भडक पॉपीचं फूल १९६४ चं. तेव्हा जिथे वर्षभर कडक ऊन असतं तिथे चारी भिंती लख्ख पांढऱ्या करून डोळे दिपवून घ्यायची काहीच गरज नाही, थोडा मातकट किंवा सायीसारखा रंग तिथे जास्त शांत वाटतो.

आता दिवसाचं झालं, रात्रीचं काय? इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. इंडस्ट्रियल म्हटलं की लोक वायरला नुसता उघडा बल्ब लटकवतात, आत पिवळी तार दिसणारा. फोटोत फार छान दिसतो. पण त्याच्याखाली जेवायला बसून बघा, समोरच्याशी बोलताना नजर सारखी त्या तारेवर जाते, ती डोळ्यात खुपते, आणि ताटात मात्र अंधुकच. बरं कारखान्यात तरी असे बल्ब होते का, तर तिथे इनॅमलच्या खोलगट शेड असायच्या, बल्ब आत लपलेला आणि उजेड सरळ कामावर. म्हणजे उघडा बल्ब कारखान्याच्या परंपरेतही नीट बसत नाही.

पॉल हेनिंगसन नावाच्या डॅनिश माणसाने ह्याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. तो लहानपणी रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वाढला, नंतर विजेचे बल्ब आले आणि त्याला ते डोळ्यांना कठोर वाटले. मग १९२० च्या दशकात त्याने एकाखाली एक अशा तीन शेडचा दिवा काढला, प्रत्येक शेडची वक्ररेषा हिशोबाने काढलेली, बल्बचा उजेड शेडवर आपटून मऊ होऊन खाली येतो. १९५८ चा त्याचा पीएच ५ आजही बनतो, ५० सेंटीमीटर व्यासाचा म्हणून नावात ५. जेवणाच्या टेबलावर तो खूप खाली टांगतात, टेबलापासून साधारण ६० सेंटीमीटरवर, आणि तरी कुठल्याही खुर्चीवरून बल्ब दिसत नाही. टेबलावर उजेडाचं एक गोल तळं, माणसांचे चेहरे उजळलेले, बाकी खोली मागे सरकलेली. तोच दिवा घ्या असं नाही, पण लॅम्प घेताना दुकानात खुर्ची मागा, खाली बसा आणि बल्ब दिसतोय का बघा. दिसत असेल तर कितीही देखणा असला तरी पुढे चला.

लोखंड आणि लाकूड एकत्र कसं करायचं ह्यावर पण उत्तर फार आधी मिळून गेलंय. फिनलंडचा आर्किटेक्ट आल्व्हार आल्टो, त्याने पाइमियो गावात क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम बांधलं, १९३३ मधे पूर्ण झालं. त्या काळात स्टीलच्या वाकवलेल्या नळ्यांच्या खुर्च्या म्हणजे एकदम आधुनिक. आल्टोला त्या पटल्या नाहीत, स्टील हाताला थंड लागतं, चकाकतं आणि आवाजालाही बरं नाही असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने बर्चचं लाकूड वाकवलं. तिथल्या खोल्यांचा विचार त्याने आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेने केला, सीलिंगला शांत गडद रंग, दिवा पेशंटच्या डोळ्यावर येणार नाही अशा जागी, वॉशबेसिन असं की पाणी पडताना आवाज होऊ नये. त्याचं १९३३ चंच तीन पायांचं स्टूल कुठे बघायला मिळालं तर खाली वाकून पायाचा बाक बघा. भरीव लाकडाच्या टोकाला उभ्या चिरा पाडून त्यात पातळ पापुद्रे सरस लावून सरकवलेत आणि मग ते काटकोनात वळवलंय, त्या बाकावर बारीक रेघा सरळ दिसतात. काही लपवलेलं नाही, कसं बनलं ते वस्तूच सांगते, आणि तरी हाताला उबदार. माझ्या मते लोखंड घ्यावं जिथे ताकद लागते आणि हात कमी लागतो, शेल्फची फ्रेम, टेबलाचे पाय, पार्टिशनच्या काचेची चौकट. आणि जिथे कोपर टेकतं, पाठ टेकते, अनवाणी पाय पडतो तिथे लाकूड, कापड, लोकर. एवढं पाळलं तरी दोन्ही स्टाईल भांडत नाहीत.

एक वस्तू तर अशी आहे की ती दोन्हीकडची म्हणता येईल. जॉर्ज कार्वर्डाइन हा इंग्लंडमधला गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनियर, त्याने १९३२ मधे स्प्रिंगवर तोललेल्या हाताच्या दिव्याचं पेटंट घेतलं, तोच अँगलपॉइज. नॉर्वेच्या जॅक जेकबसनने त्याचे हक्क मिळवले आणि १९३७ मधे स्वतःचा एल-१ दिवा काढला. हाताने खाली ओढा, जिथे सोडाल तिथे थांबतो. तुमच्या घरात ह्या स्टाईलची एकच वस्तू घ्यायची असेल तर मी म्हणेन असा हलवता येणारा दिवा घ्या, सोफ्याच्या आधी घ्या.

आवाजाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून थोडक्यात. उघडं काँक्रीट, काच, लोखंड ह्या गोष्टी आवाज पितच नाहीत, काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवरून तर जवळपास सगळा आवाज परत येतो. रिकामी खोली, उघडं सीलिंग, पॉलिश केलेली जमीन, आणि घरात दोन लहान मुलं असतील तर संध्याकाळी डोकं उठतं. जाड गालिचा, भरपूर चुण्यांचा पडदा, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ, ह्यातलं काहीतरी हवंच. मिनिमलिस्ट म्हणून गालिचा काढून टाकला असं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं.

खोट्या विटांच्या टाइल्स आणि पाणी न वाहणारे शोभेचे पाइप, ह्याला माझा साफ विरोध. आणि खरी वीट उघडी करणार असाल तर आधी भिंतीत ओल नाही ना ते बघा, नाहीतर लोणा धरतो आणि पांढरी भुकटी जमिनीवर पडत राहते.

ज्यांचं काम सध्या चालू आहे त्यांनी एवढं कराच. रंग ठरवायच्या आधी मोठ्या पुठ्ठ्यावर तो लावा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ खोलीत फिरवा, खिडकीजवळ वेगळा दिसेल आणि आतल्या कोपऱ्यात वेगळा. बसायच्या-झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे बल्ब, एका खोलीत वेगवेगळे पांढरे-पिवळे मिसळू नका, आणि बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या नाहीतर ते सुंदर लाकूड रात्री मळकट दिसतं. सीलिंगभर छोटे लाईट पेरण्यापेक्षा चार-पाच ठिकाणी कमी उंचीवर दिवे, प्रत्येकाला वेगळं बटण. आणि इंडस्ट्रियलमधली एक गोष्ट मात्र बिनधास्त उचला, भिंतीवरून उघडी नेलेली धातूची कंड्युट पाइप, म्हणजे जिच्या आतून विजेची वायर जाते ती नळी. उद्या वाचायची खुर्ची ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलीत तर भिंत न फोडता दिव्याचा पॉइंट पण तिच्या मागे नेता येतो. कोणी असं केलं असेल तर रात्री दिवे लावून काढलेला फोटो कमेंटमधे टाका, फ्लॅश बंद ठेवून, मला खरंच बघायचाय.