सोमवारी श्रद्धा कुठे ठेवायची?

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की नोकरीधंद्यात श्रद्धा बाजूला ठेवली तरच निभाव लागतो, ती रविवारच्या उपासनेपुरती ठीक. मला हे अजिबात पटलं नाही. येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून राहुट्या बनवायचा आणि दर शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या वारी, त्यांच्या सभास्थानात बोलायचा (बायबल, प्रेषितांची कृत्ये 18). थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तर तो स्पष्ट लिहितो की कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले. सुवार्ता सांगणारा माणूस पोटापाण्यासाठी राबतही होता.

मी हिशेबाचं काम करते. वर्षअखेरीला एखाद्या बिलावर मागची तारीख टाकायला सांगतात. मी नाही म्हणते, तेही कोणाला बायबलची वचनं न ऐकवता. साहेब चिडतात, पुढचे काही दिवस जड जातात. पण ती तारीख टाकून मला प्रार्थनेला बसवणार नाही. सहकाऱ्यांना धर्म सांगत बसू नये, हे लेखकाचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. सगळ्या धर्मांची माणसं एकत्र काम करतात तिथे एवढं भान हवंच. फक्त गप्प राहणं वेगळं आणि खोट्या बिलावर सही करणं वेगळं. लेखात दोन्ही एकाच माळेत ओवलंय.