सांतानाचा गिलावा खरवडायला निघालेल्यांनो, जरा थांबा

गोव्यातल्या तळावलीच्या सांताना चर्चचा फोटो, त्यावर लाल गोल आणि खाली 'हे मूळचं मंदिर, हे घ्या पुरावे' असा फॉरवर्ड फिरतोय. इतके दिवस दुर्लक्ष केलं, पण काल तो मावशीनेच फॅमिली ग्रुपवर टाकला. हीच मावशी मागे जुलैत तिथल्या तवशांच्या फेस्ताला जाऊन काकडी वाहून आली होती!

पुरावा पहिला, कमळ आणि शिंपला. अहो, कोरणारे हात इथलेच, ते कमळ नाही तर काय ट्यूलिप कोरणार? गोव्यात चर्चमधल्या पल्पिटखाली, म्हणजे पाद्री प्रवचन देतो त्या उंच मंचाखाली, नागकन्यासुद्धा सापडतात. आणि कोनाड्यावरचा शिंपला तर युरोपात रेनेसान्सपासून जिथे तिथे आहे.

दुसरा, मनोरे म्हणजे दीपमाळ. मनोऱ्यांचा हा नमुना ओल्ड गोव्याच्या सेंट ऑगस्टिन चर्चचा, त्याचा ४६ मीटरचा पडका बुरूज अजून उभाय, जाऊन बघा. सांताना पूर्ण झालं १६९५ ला. मंगेशी आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची आजची देवळं अठराव्या शतकातली, म्हणजे घुमट-कमानींची उसनवारी झाली ती चर्चकडून देवळाकडे.

तिसऱ्यावर मात्र डोकंच फिरलं. म्हणे चुन्याच्या गिलाव्याखाली मंदिराची नक्षी लपवलीय, खरवडून बघा. भिंत जांभ्याची आहे हो! कोकणात ज्याने एकदा चिरा हातात घेतलाय त्याला विचारा, सगळा भोकाभोकांचा, नखाने उकरला तरी लाल भुकटी निघते, त्यात कुठली आलीय बारीक नक्षी? तांबडी सुर्ल्याच्या देवळात नक्षी आहे कारण तो बेसाल्ट आहे. जांभा पाणी पितो म्हणून त्याला चुना लावायचा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तर उघडा पडलेला दगड तेव्हापासून पावसात झिजतोय. आता हेच सांतानाचं करायचंय का?

चौथा, 'पोर्तुगीजांना असं बांधणं जमलंच नसतं'. हे अर्धं खरं, पण फॉरवर्डवाल्याला वाटतं तसं नाही. पाउलू वारेला गोमिश हा स्वतः पोर्तुगीज वास्तुइतिहासकार, त्याने गोव्याच्या चर्चवर २०११ साली अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं म्हणणं हेच की ही चर्च पोर्तुगालची नक्कल नाहीत, ती गोव्याच्या कॅथलिकांची स्वतःची शैली आहे. युरोपातून आलेलं आणि इथलं एकत्र मुरवून केलेली. म्हणजे बांधणारे आपलेच, फक्त ते चर्चच बांधत होते.

आणि हो, देवळं पाडली गेली, हे मान्य करावंच लागतं. तिसवाडी तालुक्यात १५४० च्या सुमारास पाडली, मंगेशही कुठ्ठाळीहून फोंड्याकडे न्यावा लागला. पण म्हणून दिसेल ते प्रत्येक चर्च देऊळ होत नाही, त्यासाठी त्या त्या जागेचा कागद लागतो, लाल गोल नाही.

हे सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं. मावशीचा रिप्लाय आला, 'मग एवढे गोल उगाच केलेत का कोणी?'